सव्वा महिना अळणी

१२ एप्रिल १९९८, रविवार

स्टीलच्या कंपन्यांकडून दुकानात दर वर्षी डायऱ्या येतात आणि दर वर्षी गिऱ्हाइकांना वाटून संपतात. या वर्षी एक मी आधीच उचलून कपाटात ठेवली होती. तीन महिने कोरीच राहिली. आता लिहिण्यासारखं काहीतरी झालं आहे आणि ते कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून ही बाहेर काढली.

आधी घरातली माणसं लिहून टाकते. बंडूजी म्हणजे आमचे हे. देवळीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे, ते हे आणि आमचा मुलगा धर्मेंद्र मिळून चालवतात. यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, लिहिताना मात्र गंमत वाटली. धर्मेंद्रची बायको रीता, आर्वीची. लग्नाला चौदा महिने झाले. मी प्रमिला, वय चोपन्न, मॅट्रिक पास. या घरात मला न सांगता काही होत नाही असा माझा समज होता.

आज सकाळी रीता न्हाणीत गोळी घेताना दिसली. आमच्या न्हाणीचं दार नीट लागत नाही. तिने लोट्यातल्या पाण्याबरोबर गोळी घटकन गिळली आणि गोळ्यांची पट्टी पदराआड लपवली. मला पाहून म्हणाली, "डोकं दुखून राह्यलं होतं, आई." डोकं दुखतं तर स्वयंपाकघरात बसून गोळी घ्यावी. त्यात लपायचं काय?

१५ एप्रिल

तीन दिवस लक्ष ठेवलं. सकाळी एक गोळी, जेवणानंतर पुन्हा एक. कोणाचं डोकं इतकं वेळेवर दुखत नाही.

आता माझ्या ध्यानात आलं. मूल नको म्हणून घेत असणार. टीव्हीवर त्या गोळ्यांची जाहिरात लागते तेव्हा हे उठून अंगणात जातात, त्याच. शिवाय दोघं दर महिन्याला वर्ध्याला सिनेमाला म्हणून जातात. सिनेमाची गोष्ट विचारली तर धर्मेंद्र एक सांगतो आणि रीता दुसरीच. म्हणजे तिथे कुठल्यातरी डॉक्टरकडे जात असतील.

वाईट वाटलं. पोरगी मला मनापासून आवडते. माझे डोळे दुखतात म्हणून रोज दुपारी पेपर वाचून दाखवते, निधनाच्या बातम्यांसकट. सकाळी उशिरा उठते हा एक दोष, आणि कधी कधी बोलता बोलता एकदम गप्प होते. बाकी नाव ठेवायला जागा नाही. तिला मूल का नको असेल, मला कळत नाही. विचारायची हिंमतही होत नाही.

२९ एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज रीताला घेऊन देवीच्या देवळात गेले. ओटी भरून झाल्यावर तिथल्या तिथेच म्हटलं, "रीता, आपण दोघी सव्वा महिना मीठ सोडू. माह्या सासूनं माह्यासाठी सोडलं होतं, तवा धर्मेंद्र झाला. जोडीनं सोडलं तं देवी लवकर आयकते."

मुद्दाम देवळात बोलले. घरी बोलले असते तर धर्मेंद्रने मोडता घातला असता. देवीसमोर कोण नाही म्हणेल?

रीता नाही म्हणाली नाही. ताट उचलताना तिने हळूच विचारलं, "आई, एक दिवसाआड चालन का?"

"दुकानातल्यावानी देवीशी भाव नाई करत," मी म्हणाले आणि हसले. तिचा चेहरा उतरला होता. खाण्यापिण्याची हौस असलेली पोरगी, उतरणारच.

संध्याकाळी धर्मेंद्र आला आणि सुरू झालाच. "आई, उन्हाळा हाय. तिले मीठ नको सोडू देऊ. घामानं अंगातलं मीठ जाते."

"मंग माह्या अंगातलं जात नाई का?" मी विचारलं. त्यावर तो काही सांगायचं असल्यासारखा जवळ आला आणि मग चप्पल घालून दुकानात गेला. बायकोच्या ताटातल्या मिठाची काळजी करणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहिला.

४ मे

धर्मेंद्र रोज संध्याकाळी खाऱ्या फल्लीदाण्यांची पुडी आणतो आणि तडक खोलीत जातो. आज मी पुडी दारातच काढून घेतली आणि मनकर्णाबाईंना दिली. मनकर्णाबाई म्हणजे आमच्या शेजारीण, दोन्ही घरांना ओटा एकच. त्यांनी बसल्या बसल्या सगळी पुडी संपवली. मी एक दाणासुद्धा तोंडात टाकला नाही.

अळणी वरण पहिले चार दिवस जड गेलं. आता तोंडाला सवय झाली.

८ मे

आज आमच्या घरचे पापड. आमच्या आळीत पापडांची पाळी असते, आज एकीकडे तर उद्या दुसरीकडे, आणि ज्या त्या आपलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. अकरा बायका होत्या. रीता मध्येच उठून गेली ती येईना. पाहायला गेले तर ही धान्याच्या खोलीत, मूठभर लाट्या घेऊन डोळे मिटून खात होती. पापडाच्या पिठात मीठ किती असतं ते काय सांगायला हवं?

मागून मनकर्णाबाई आल्या. त्यांनी तिथूनच सगळ्यांना सांगितलं, "बाप्पा, हिले तं डोहाळे लागले." सगळ्या हसल्या. माझा जीव सुपाएवढा झाला. सगळ्या गेल्यावर रीताला जवळ घेऊन विचारलं. ती रडायला लागली. "तसं काही नाई, आई."

मग मात्र मला राग आला. दिवस गेलेले नाहीत, तर देवीला दिलेला शब्द का मोडला? मी तिला माझी शपथ घातली. आता खाणार नाही ती. माझ्या शपथेला फार जपते.

१२ मे

धर्मेंद्र काल मालासाठी मुरादाबादला गेला, आठ दिवसांनी येईल. जाताना मला म्हणाला, "आई, रीताले त्रास वाटला तं उपास-गिपास सोडून देजो." मी हो म्हटलं. नुसतं हो म्हणायला काय जातं?

दुकानात दिवसभर पोखरणचंच बोलणं चाललं होतं, असं हे सांगत होते. चहा देताना रीताच्या हातातली कपबशी थरथर वाजत होती. हे म्हणाले, "बॉम्बचा धक्का इथवर आला वाटते." रीताही हसली. पण हात थांबत नव्हता.

१४ मे

ऊन फार आहे, शेचाळीसच्या वर. रीताला दोन दिवसांपासून जुलाब. सारखी तहान तहान करते. ऊन लागलं असणार म्हणून कैरीचं पन्हं करून दिलं, नुसत्या गुळाचं. तिने आशेने विचारलं, "चिमूटभर टाकता का?" मी म्हटलं, अर्धा नवस झाला, आता कायले मोडतं. तिने निमूट पिऊन घेतलं.

चालताना भिंत धरते. आज मला हाक मारली तर जीभ जड झालेली वाटली. बोलण्यात, डोळ्यांत काहीतरी वेगळं आहे. एकाएकी बापूदादाची आठवण आली. त्याबद्दल लिहीत नाही.

१९ मे, वर्ध्याच्या दवाखान्यात

हे घरून कपडे आणताना डायरीही घेऊन आले. कुठे सापडली विचारलं तर म्हणाले, "तू लिहितं हे मले माहीत हाय. म्या वाचली नाई." रीता समोर झोपली आहे. काल सलाईन काढलं. धोका टळला असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता सगळं खरं लिहिते.

शनिवारी सकाळी रीताला उलटी झाली. साडी बदलायला हवी म्हणून मी तिची पेटी उघडली. साड्यांखाली फाइल होती. वर दवाखान्याचं नाव आणि खाली मानसोपचार विभाग. आत चार वर्षांचे कागद. म्हणजे लग्नाच्या आधीपासूनचे. दर महिन्याची तारीख होती. सिनेमाच्या तारखा.

मी फाइल होती तशी साड्यांखाली ठेवली. तेव्हा साडेअकरा झाले होते.

त्यानंतर तासभर मी काहीच केलं नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. मी तिच्या उशाशी बसून होते आणि मनात एकच चाललं होतं, आम्हाला फसवलं. आणि दुसरं हे, की तिला तिथे न्यायचं तर आळीत काय सांगायचं. मनकर्णाबाई आल्या, म्हणाल्या हे बाहेरचं हाय, आणि त्यांनी तिच्यावरून लिंबू उतरवून चौकात टाकलं. मी टाकू दिलं. लिंबाला कोणी नावं ठेवत नाही.

मग रीताने डोळे उघडले. शब्द फुटत नव्हते. मी कान जवळ नेला. म्हणाली, "आई, पेटीत फाइल हाय. दवाखान्यात दाखवजा. बाबांले नका सांगू." बाबा म्हणजे आमचे हे. पोरीला उभं राहता येत नव्हतं आणि तिला काळजी कसली, तर सासऱ्याला कळू नये याची. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नाही.

दुकानात निरोप धाडला. हे बाजारातल्या ओमप्रकाशची जीप घेऊनच आले. फाइल मी यांच्या हातात दिली. यांनी वरचं नाव वाचलं, काखेत धरली आणि म्हणाले, "चाल लवकर."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई, वयाने रीताएवढीच असेल, तिने फाइल पाहिली आणि मला विचारलं, "घरात मीठ कमी केलंय का? कोणाला बीपी वगैरे?"

"कमी नाई," मी म्हटलं. "बंदच हाय. अठरा दिवस झाले."

तिने पेन खाली ठेवलं. तिने रागावायला हवं होतं, पण रागावली नाही. सावकाश समजावून सांगितलं. ही गोळी लिथियमची. फार चांगली गोळी, हिच्यामुळेच रीता चार वर्षं नीट आहे. पण अंगाला मीठ मिळालं नाही की अंग ही गोळी बाहेर जाऊ देत नाही, धरून ठेवतं. त्यात हा घाम, हे जुलाब. मग औषधाचं विष होतं. "मीठ-पाणी नेहमीसारखं ठेवायचं, हे आम्ही यांना पहिल्या दिवशीच सांगितलंय," ती म्हणाली. "यांनी घरात सांगितलं नाही का?"

मी वर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे पाहत विचारलं, यात काय आहे. ती म्हणाली, मिठाचं पाणीच आहे, मावशी.

२० मे

धर्मेंद्र आला. स्टेशनवरून सरळ इथे. रीताच्या कपाळावर हात ठेवला, मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. मी तयारीतच होते. म्हटलं, "मले काऊन नाई सांगितलं? मी तुही आई ना?"

तो म्हणाला, "पुलगावच्या पोरीचं स्थळ आठवते? तिचा काका येडा हाय हे तुले कोणीतरी सांगितलं. तू चहाचा कपही पूर्ण केला नाई, उठून आली. घरी आल्यावर म्हणाली, येड्याच्या घरची पोरगी मले नाई पायजे."

मला आठवत होतं. कपसुद्धा आठवत होता.

"रीतानं मले पहिल्याच दिवशी सांगितलं, आर्वीले त्यायच्या गच्चीवर. कालेजात असताना आठ दिवस झोपली नाई, कायबाय बोलत होती, मंग सहा महिने उठलीच नाई. म्हणाली, आता बरी हाय, पण गोळी जनमभर घ्या लागन, पाह्यजे असन तं आताच नाई म्हणा. मले तवाच पटली. तिचा लपवायचा विचार नव्हता, आई. लपवलं म्या."

खरं सांगते, राग गेला नाही. आतल्या आत धुमसत राहिला. इतकी वर्षं ज्याला वाढवलं त्याने मला अशी बाई समजावं. आणि मी तशीच बाई होते, याचा राग सगळ्यात जास्त.

२३ मे

आज दुपारी दवाखान्याच्या झाडाखाली डबा खाताना यांना बापूदादाचं सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

बापूदादा माझा थोरला भाऊ. माझ्यावर फार जीव. विसाव्या वर्षी त्याचं डोकं फिरलं. घरच्यांनी त्याला कुटाराच्या खोलीत ठेवलं, गुरांच्या वैरणीबरोबर. जेवण मी नेऊन देत असे. माझ्या लग्नाच्या दिवशी त्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. वाजंत्री ऐकून तो दार ठोकायला लागला. माझ्या बापाने वाजंत्र्यांना सांगितलं, थांबायचं नाही, वाजवत राहा. मंगळसूत्र बांधेपर्यंत ते वाजवत राहिले. कोणी विचारलं तर आमचा गडी आहे असं सांगायचं, हे मला शिकवलं होतं. दोन वर्षांनी तो त्याच खोलीत वारला. मी सासरी कोणाला सांगितलं नाही. आंघोळ करताना रडून घेतलं.

म्हणजे रीताने जी फसवणूक केली नाही, ती माझ्या घरच्यांनी केली होती. आणि फसवलं म्हणून मी कोणाला बोलत होते?

हे ऐकत होते. पोळीचा तुकडा हातातच होता. म्हणाले, "मले ठोकल्याचा आवाज आला होता. वाजंत्री दम घ्याले थांबले तवा. दुसऱ्या दिवशी तुह्या मामानं सांगितलं."

"मंग तुम्ही कधी विचारलं काऊन नाई?"

"वाटलं, तुले सांगावंसं वाटन तवा सांगशील." पोळीचा तुकडा डब्यात ठेवून म्हणाले, "म्या विचाराले पायजे होतं. तुले एकटीले रडा लागलं."

मी डबा तिथेच ठेवून रडले. येणारे जाणारे पाहत होते. दवाखान्यात रडणाऱ्या बाईकडे कोणी फार वेळ पाहत नाही.

२६ मे

रीताला सुट्टी मिळाली. तिचे वडील पुंडलिकराव आले होते. यांच्यापुढे हात जोडून म्हणाले, "आमची चूक झाली. पोरीले मी घरी घेऊन जातो. तुमच्यावर भार नको." यांनी त्यांचे हात धरून खाली केले. पण रीताने स्वतःच सांगितलं, काही दिवस आर्वीला जाते. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने मान खाली घातली.

किती दिवस, ते ती बोलली नाही. मलाही विचारवलं नाही. जीवावर बेतलेलं दुखणं मी दिलं होतं, कोणत्या तोंडाने म्हणणार, घरी चाल?

३१ मे

देवळात जाऊन आले. नवसाचे पाच दिवस उरले होते. देवीला म्हटलं, आजपासून मी मीठ खाणार, तुला काय करायचं ते माझं कर. पोरीचं काही करू नको.

९ जून

दुपारी पेपर तसाच घडी घातलेला पडून राहतो. माझ्याच्याने वाचवत नाही.

मनकर्णाबाईंनी आज विचारलं, सून माहेरी काऊन राह्यली, ऊन अजून उतरलं नाही का. आजवर आळीत सगळ्यांना मी ऊन लागलं हेच सांगत आले होते. आज जीभ वळेना. म्हटलं, "ऊन नाई लागलं. तिले मनाचा आजार हाय, चार वर्सांपासून. गोळी घेते, बरी असते. ह्या टायमाले म्या तिचं मीठ बंद केलं म्हून गोळी बाधली."

त्या लुगडं झटकून उठल्या आणि घरात गेल्या. मला वाटलं, आता हा ओटा संपला. संध्याकाळी आल्या, हातात वाटीभर भाजी. उतरवलेल्या लिंबाबद्दल म्हणाल्या, "मले काय माहीत, बाई." मी म्हटलं, मले तरी कुठं माहीत होतं.

२१ जून

आज मी एकटी एसटीने आर्वीला गेले. धर्मेंद्र दोनदा जाऊन आला होता, रीता येते म्हणेना. यांनी विचारलं, तू काय बोलशील? मी म्हटलं, ठरवलं नाही.

ठरवलेलं बोललेही नसते. रीता अंगणात कपडे वाळत घालत होती. रंग परत आला होता. मी तिच्या हातातली बादली घेतली आणि म्हटलं, "रीता, माह्या हातून तुह्या जिवाचं बरंवाईट झालं असतं. मले माफ कर." सासूने सुनेची माफी मागायची आमच्यात पद्धत नाही. पुंडलिकराव घाबरून खुर्ची आणायला धावले.

रीता म्हणाली, "तुम्ही मुद्दाम थोडी केलं, आई."

मी तिला सांगितलं, की त्या दिवशी फाइल वाचल्यावर तासभर मी बसून राहिले. हे तिला माहीत नव्हतं. तिने एक साडी पिळली, झटकली, दोरीवर टाकली. मग म्हणाली, "माह्या आईनं तं चार महिने बसून काढले होते. कोणी म्हणे लग्न करून द्या, बरी होईल."

आम्ही दोघींनी मिळून उरलेले कपडे वाळत घातले. मग तिने विचारलं, "मी आली तं गोळी घ्याले न्हाणीत जा लागन का?"

"नाई."

"कोणी विचारलं तं ऊन लागलं होतं असं मी सांगणार नाई."

"म्या सांगून टाकलं आळीत."

ती चमकली. "सगळ्यायले?"

"मनकर्णाबाईले. म्हणजे सगळ्यायलेच."

तिला हसू आलं. पण येते म्हणाली नाही. म्हणाली, विचार करते.

५ जुलै

रीता आली. स्वतःहून, धर्मेंद्रला न कळवता, सकाळच्या गाडीने. हे दुकानात निघाले होते, ते परत चप्पल काढून बसले. धर्मेंद्रला निरोप धाडायची गरज पडली नाही, त्याला बाजारातच कोणीतरी सांगितलं.

१४ जुलै

दवाखान्याच्या तारखेला या वेळी मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी मला पाऊण तास बसवून सगळं सांगितलं. झोप कमी झाली तर सांगायचं, जुलाब-उलटी झाली तर लगेच यायचं, मूल हवं असेल तेव्हा आधी त्यांना विचारायचं, गोळ्या बदलाव्या लागतील. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. दर मंगळवारी तिथे घरच्या माणसांची बैठक असते, तिथेही बसले. कोणाचा बाप, कोणाची बायको, कोणाची बहीण. बोरगावचे एक रिटायर्ड मास्तर आपल्या मुलाबद्दल अगदी सहज बोलत होते, जसं कोणी दम्याबद्दल बोलावं. त्यांचं ऐकून मला बापूदादाचं नाव घेता आलं. कोणी दचकलं नाही.

२८ जुलै, नागपंचमी

समोरच्या घरून बोलावणं आलं, मला एकटीला. दर वर्षी सासू-सुनांना मिळून येतं. मी गेले नाही. रीताला काही सांगितलं नाही, पण तिला कळलंच. म्हणाली, "तुम्ही जा, आई. मले सवय हाय." मी म्हटलं, मले सवय नाही आणि लावून घ्यायचीही नाही.

संध्याकाळी मनकर्णाबाई आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "त्या डॉक्टरीणबाईचा वार कोणता व? माह्या बहिणीची पोरगी घरातून निघतच नाई."

२२ ऑगस्ट, पोळा

आज सकाळपासून पुरणपोळ्यांची गडबड. रीता पुरण वाटत होती, मी लाटत होते. हे आत आले आणि म्हणाले, "बैलायच्या आधी मले वाढा, मी बी वर्सभर राबलो." रीता खूप हसली. हसतच राहिली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

मी लाटणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. जास्त तर हसत नाही? काल किती वाजता झोपली? सकाळची गोळी घेतली का? घेतली होती, मी मोजली होती. मी रोज मोजते. ती गप्प बसली तर विचारते, ती गाणं गुणगुणली तर विचारते. आजही विचारलं, "बरं वाटते ना, रीता?"

तिने हातातलं पुरण परातीत टाकलं.

"आई, बस झालं आता. मी हसली तं तुम्ही पाहता. रडली तं पाहता. कपाट जोरात लागलं तं दोघं बी धावत येता. माणूस हसते कधी कधी. त्याले आजार नाई म्हणत. गोळ्या माह्या हायेत, माह्या मी मोजीन. अन् ते पुरण पातळ झालं, तुम्ही गूळ जास्त टाकला म्हून, मंगापासून सांगून राह्यली तं आयकतच नाई तुम्ही."

हे हळूच बाहेर निघून गेले. मी पिठाने भरलेले हात पदराला पुसले. बोलून झाल्यावर रीता स्वतःच घाबरली. माफी मागेल असं वाटलं. मागितली नाही. परात ओढून पुन्हा वाटायला लागली.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. मनकर्णाबाई बैलांसाठी आंब्याचं तोरण बांधत होत्या. माझं तोंड पाहून म्हणाल्या, "काय झालं, बाई?"

"सुनेनं झापलं," मी म्हटलं.

"तुमाले? अन् हसून काऊन राह्यल्या?"

मी हसत होते हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. काय सांगणार त्यांना? दीड वर्ष ही पोरगी माझं प्रत्येक म्हणणं हो हो म्हणत खाली मानेने ऐकत आली. अळणी जेवली, माझी शपथ पाळली, उभं राहता येईना तरी कोणाला कळू नये म्हणून जपत राहिली. पाहुणी बाई असंच वागते. आज ती पहिल्यांदा माझ्याशी भांडली. आता ती इथे राहायला आली.